दाराशी येणारा माणूस

२०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. तारीख बावीस. भातलावणी उरकली होती, आंदर मावळात पाऊस नेहमीसारखा लागून राहिला होता, आणि आप्पा बांधावरून घसरले. घोट्याजवळचं हाड दोन ठिकाणी मोडलं. प्लेट टाकावी लागेल, चाळीस हजार आधी भरा, असं दवाखान्यात सांगितलं. मी हिंजवडीहून भिजत निघालो. कान्हे फाट्यावर एका टपरीच्या आडोशाला थांबून मोबाइलवर खात्यातली शिल्लक पाहिली. सहा हजार तीनशे बारा रुपये.

माझा पगार आमच्या घरात आजवर कुणी पाहिला नसेल एवढा आहे. टाकवे बुद्रुकमध्ये लोक आईला 'इंजिनिअरची आई' म्हणतात. पण घरभाडं, गाडीचा हप्ता, फोनचा हप्ता, क्रेडिट कार्डाचं मागच्या महिन्याचं देणं आणि मध्येच झालेली एक गोव्याची सहल, एवढं वजा जाता बावीस तारखेला शिल्लक राहिली ती ही. कंपनीच्या विम्यात आईवडलांची नावं घालायचा अर्ज वर्षभर माझ्या ईमेलमध्ये पडून होता. तो भरायचा राहून गेला, यात दोष फक्त माझा.

आईला मी खरं सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, "बघतो काहीतरी."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. "किती म्हणत्यात?"

"चाळीस."

"आरं मग बघतो काय? गटातनं काढू. उद्या दुपारपातूर व्हत्याल."

संध्याकाळी आमच्या ओट्यावर आईच्या बचत गटातल्या बायका जमल्या. चौदांपैकी अकरा आल्या. एकीने रजिस्टर उघडलं, कारण लिहिलं, रक्कम लिहिली, सगळ्यांनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी बँक उघडल्या उघडल्या गटाच्या अध्यक्ष आणि सचिव खात्यातून पैसे काढून आल्या. महिन्याला शंभर रुपये टाकणाऱ्या चौदा बायकांनी इंजिनिअरच्या बापाचा पाय जोडला.

आप्पा आता बरे आहेत. पण त्या ओट्यावर बसून सह्या होताना पाहत असताना माझ्या मनात आलेला प्रश्न अजून गेलेला नाही. या बायकांकडे असं काय होतं जे माझ्याकडे नव्हतं? 'इच्छाशक्ती' हे उत्तर मला पटत नाही. मी पहाटे पाचला उठून अभ्यास केलेला मुलगा आहे; इच्छाशक्ती माझ्याकडेही आहे. म्हणून मी जरा मागे जाऊन पाहायला लागलो. आमच्या भागात, पुणे जिल्ह्यात, पैसा बाजूला टाकायची सवय लोकांना लागली कशी, आणि लागली नाही तेव्हा का लागली नाही?

*

सुरुवात एका आरोपापासून करावी लागते. शेतकऱ्याच्या हातात पैसा टिकत नाही, तो लग्नात आणि सणावारांत उडवतो, हा आरोप जुना आहे. १२ मे १८७५ रोजी याच जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली आणि कर्जरोखे जाळले. पाहता पाहता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. आयोगासमोरही तेच बोलणं आलं असणार: हे लोक उधळे आहेत.

पण आयोगाने काढलेला निष्कर्ष वेगळा होता. लग्न आणि सणांच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय, असं त्यांनी नोंदवलं. हे खर्च प्रसंगी होतात. त्यामानाने बियाणं, बैल, पोटाला धान्य आणि सरकारी सारा यांसाठी घेतलेली छोटी छोटी कर्जं सतत चालू असतात आणि व्याजाने फुगत जातात. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० नंतर कापसाचे भाव चढले होते, तेव्हा सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि त्याच सुमाराला फेरआकारणीत साराही वाढला. सारा रोखीत आणि ठरल्या तारखेला भरायचा; पीक मात्र पावसाच्या मर्जीने यायचं. मधली फट सावकार भरून काढायचा.

हे वाचताना मला आजचे सल्ले आठवले. रोजची कॉफी बंद करा, बाहेरचं खाणं सोडा, वर्षाला एवढे हजार वाचतील. चूक नाही त्यात काही. पण माझा महिन्याचा हिशोब मी प्रामाणिकपणे मांडला तेव्हा कॉफी दिसलीच नाही. दिसले ते हप्ते, ठरल्या तारखेला जाणारे. १८७५ चा सारा आणि माझा गाडीचा हप्ता यांत फरक पुष्कळ आहे. मी हप्ता आपल्या हाताने सही करून घेतला, त्यांना सारा चुकवणं शक्य नव्हतं. तरी एक गोष्ट सारखी आहे: घेणारा तारीख ठरवून येतो. बाजूला टाकायच्या पैशासाठी मात्र कुणी तारीख ठरवलेली नसते.

दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. १८८२ पासून टपाल खात्याची बचत बँकही देशात सुरू झाली. थोडेथोडके पैसे ठेवायला सरकारची हमी असलेली जागा मिळाली, ही लहान गोष्ट नव्हती. पण पोस्ट आपल्या जागी उभं असतं. माणसाने वेळ काढून, चालत, तिथवर जायचं असतं.

पोस्टाचीच दुसरी एक सोय मात्र दारापर्यंत यायची. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली. मुंबईच्या गिरण्या, गोद्या, बाजार यांत घाटावरची माणसं राबत होती. १८९० च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवणाऱ्यांना एकत्र आणलं आणि मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतली माणसं त्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या जात राहिली. माझे पणजोबा त्यांपैकीच एक. आजी सांगायची, मनीऑर्डर आली की पोस्टमन बाहेरूनच हाक मारायचा आणि ती हाक अख्ख्या आळीला ऐकू जायची. पैसे किती आले हे सगळ्यांना माहीत. पणजीला त्यातले चार आणे जरी बाजूला काढायचे असले तरी सासूच्या नजरेसमोरून काढावे लागत.

दाराशी पैसा घेऊन येणारा माणूस होता. बाजूला टाकायला घेऊन जाणारा अजून यायचा होता.

*

तो आला, पण वेगळ्याच कामासाठी, आणि आमच्या तालुक्यात त्याची खूण अजून आहे.

कान्ह्याहून पुण्याकडे लोकलने निघालं की वडगाव आणि मग तळेगाव लागतं. तळेगाव दाभाड्यात 'पैसा फंड' हे नाव मी लहानपणापासून ऐकत आलो. मला वाटायचं, ते एखाद्या पतपेढीचं नाव असावं. प्रत्यक्षात तो काच कारखाना.

एकोणिसावं शतक संपत असताना अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांच्या डोक्यात एक साधा हिशोब आला. देशातल्या प्रत्येक माणसाने वर्षाला फक्त एक पैसा दिला तर? तेव्हा रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. लोकसंख्या तीस कोटी धरली तर तीस कोटी पैसे म्हणजे सेहेचाळीस लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे रुपये. दर वर्षी. त्यातून देशी उद्योग काढायचे. लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली, स्वयंसेवक पैसा मागत फिरू लागले, आणि १९०८ मध्ये त्या निधीतून तळेगावला काच कारखाना उभा राहिला.

कारखाना चालवायला आले ईश्वरदास वार्ष्णेय. काचेचं शिक्षण त्यांनी आधी जपानमध्ये आणि मग अमेरिकेत घेतलं होतं. अमेरिकेत ते शिकले ती संस्था एमआयटी. आजही आमच्या क्षेत्रातली मुलं हे नाव दबक्या आवाजात घेतात. तिथून आलेला माणूस पैसा-पैसा गोळा करून बांधलेल्या भट्टीपाशी, आमच्या मावळात, उभा राहिला. तळेगावची ती भट्टी म्हणजे एक शाळाच झाली. तिथे हात बसलेली माणसं पुढे देशात ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेली. वार्ष्णेयांनी स्वतः नंतर संयुक्त प्रांतात, बहजोईला, कारखाना काढला.

आता, तीस कोटी लोकांनी पैसा दिला नाही हे उघड आहे. सेहेचाळीस लाख कधी जमले नाहीत. का नाही जमले? एक पैसा कुणाला जड नव्हता. जड होतं ते तो पैसा मागायला जाणं. तीस कोटी दारं, आणि प्रत्येक दाराशी वर्षातून एकदा कुणीतरी जायला हवं. काळ्यांच्या हिशोबात पैशाची बेरीज बरोबर होती. पावलांची बेरीज त्यात धरलेली नव्हती. जिथवर पावलं पोचली तिथवर पैसा आला, आणि तेवढ्यावरही कारखाना उभा राहिला.

पैसा फंड ही बचत नव्हती, दान होतं. देणाऱ्याला परत काही मिळायचं नव्हतं. तरी मला तो आमच्या भागातल्या बचतीच्या इतिहासाचा पहिला धडा वाटतो. रक्कम लहान असली म्हणून ती आपोआप बाजूला पडत नाही. ती मागायला कुणीतरी यावं लागतं.

*

हेच सूत्र पक्कं ओळखून त्याची बँक केली ती कर्नाटकात, उडुपीला. डॉ. टी. एम. ए. पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ मध्ये काढलेल्या बँकेने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली. रोज दोन आणे. बँकेचा माणूस रोज घरी किंवा दुकानात यायचा, दोन आणे घ्यायचा, पुस्तकात लिहायचा. रोज दोन आणे म्हणजे वर्षाला पंचेचाळीस रुपये दहा आणे. रोजच्या गल्ल्यावर जगणाऱ्या माणसाला पंचेचाळीस रुपये एकदम बाजूला ठेवणं कधीच जमलं नसतं. दोन आणे मात्र जायचे, कारण समोर माणूस उभा असायचा. त्याला 'आज नाही' म्हणायला तोंड उघडावं लागायचं.

'पिग्मी' हा शब्द पुढे बँकेपेक्षा मोठा झाला. महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी तो जसाच्या तसा उचलला. आमच्याकडे संध्याकाळी येणाऱ्या माणसाला 'पिग्मीवाला' म्हणतात. हा शब्द उडुपीहून आला हे त्यालाही ठाऊक नसतं. इतरांना सवय लावणाऱ्या या माणसांची स्वतःची स्थिती काय? त्यांना पगार नाही, गोळा केलेल्या रकमेवर कमिशन. आपण बँकेचे कामगार आहोत की नाही, यासाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. २००१ मध्ये न्यायालयाने ते कामगारच आहेत असा निकाल दिला.

आप्पांचं तेव्हा रस्त्याला पंक्चरचं दुकान होतं. टाकव्यात कारखाने आले तशी वाहनं वाढली आणि दुकान बरं चालायचं. तालुक्यातल्या एका पतसंस्थेचा पिग्मीवाला रोज सातच्या सुमाराला यायचा. तीस रुपये. मी दुकानात बसून गृहपाठ करायचो, त्यामुळे त्याची वेळ मला पाठ होती. आप्पा हात पुसायचे, गल्ल्यातून तीन दहाच्या नोटा काढायचे, तो छोटं पुस्तक उघडून आकडा लिहायचा. धंदा मंदा असला की आप्पा म्हणायचे, "आज राहू द्या, उद्या साठ." आणि दुसऱ्या दिवशी खरंच साठ द्यायचे. सात वर्षं हे चाललं. मुद्दलच शहात्तर हजारांवर गेलं होतं. माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ते ठेवलेले होते.

मग एका सकाळी पतसंस्थेला कुलूप दिसलं. कर्जं भलत्यांना वाटली होती, ती परत आली नाहीत. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. तेव्हा ते एक लाखापर्यंत होतं, २०२० पासून पाच लाख आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नसतं. हे आम्हाला कुलूप लागल्यावर कळलं. पैशांचा थोडा भाग बऱ्याच वर्षांनी मिळाला, बाकीचा गेला. माझा प्रवेश शैक्षणिक कर्जावर झाला.

पिग्मीवाल्याचं घर आमच्याच बाजूच्या गावात होतं. लोक त्याच्या दारात जाऊन बसले. त्याचे स्वतःचेही पैसे त्यातच होते. तो रडला, असं आप्पा सांगतात. आप्पा त्याच्यावर कधी चिडले नाहीत. पण त्यानंतर कुठल्याही दाराशी आलेल्या माणसाला त्यांनी तीस रुपये दिले नाहीत. सात वर्षांची सवय एका सकाळी मोडली. रोज येणारा माणूस सवय लावू शकतो, पण तो आपले पैसे नेतो कुठे, हे आपल्याला दिसत नसेल तर ती सवय दुसऱ्याच कुणाच्या तरी कामी येते.

*

आजीची पद्धत निराळी होती. तिच्या दाराशी कुणी यायचं नाही आणि तिला ते नकोच होतं. घरातला इंद्रायणीचा तांदूळ ज्या पत्र्याच्या डब्यात असायचा, त्याच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत तिच्या नोटा होत्या. अंडी विकून, तांदूळ विकून, कुणाकुणाची बाळंतपणं करून मिळालेल्या. पाहुण्यांनी हातावर ठेवलेल्या. किती आहेत, कुणाला माहीत नव्हतं.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. दोन दिवस आजी गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने ती पिशवी आणून आईच्या पुढ्यात ठेवली. साडेतेवीस हजार. सगळे हसले. "म्हातारीनं केवढा ढापा मारलावता!" असं काका म्हणाला. आजीचं खातं नव्हतं, म्हणून पैसे आप्पांच्या खात्यात भरले गेले.

एक पैसाही बुडाला नाही. पण ते पैसे पुन्हा तिचे झाले नाहीत. तिला काही हवं असलं की मागावं लागायचं, आणि मागितलं की मिळायचंही. पण मागायचं नाही म्हणून तर तिने ते तळाशी ठेवले होते. त्या वेळी मीही हसलो होतो. ती २०१९ मध्ये गेली. आता विचार केला की वाटतं, घरातल्या बाईने बाजूला टाकलेला पैसा लपवावा का लागतो, हा प्रश्न आम्ही त्या दिवशी विचारायला हवा होता. बचतीचे सगळे सल्ले गृहीत धरतात की पैसा ज्याने बाजूला टाकला त्याचाच राहतो. आमच्या घरात चार पिढ्यांत ते असं नव्हतं.

*

आईला हे माझ्या आधी कळलं असावं. ती गटात गेली ती २०१२ मध्ये.

बचत गट ही सरकारी योजना आहे असं पुष्कळांना वाटतं. नंतर ती तशी झालीही, पण उगम तसा नाही. कर्नाटकात मायराडा संस्थेने १९८० च्या दशकात लहान लहान गटांनी आपली बचत आपल्यातच फिरवायचे प्रयोग केले. १९९२ मध्ये नाबार्डने पाचशे गट बँकांशी जोडायचा पथदर्शी कार्यक्रम घेतला. महाराष्ट्रातलं सुरुवातीचं काम जिथे झालं ते ठिकाण तर आमच्या डोंगरापलीकडे आहे: खेड तालुका. राजगुरुनगरला सुधा कोठारी यांच्या 'चैतन्य' संस्थेने १९९० च्या आसपास बायकांचे गट बांधायला सुरुवात केली. पुढे त्या गटांचा मिळून बायकांनीच चालवलेला संघ झाला. आमच्याकडच्या कितीतरी मुली खेडात दिलेल्या आहेत आणि तिकडच्या इकडे. त्यांच्याबरोबर ही गोष्टही डोंगर ओलांडून आली. आईला गटाचं पहिल्यांदा सांगितलं ते तिच्या खेडच्या मावसबहिणीने.

गटाचे नियम पाच: ठरल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, आपसात कर्ज, वेळेवर फेड आणि वेळच्या वेळी हिशोब. याला पंचसूत्री म्हणतात. आईच्या गटाची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला. प्रत्येकीचे शंभर रुपये. वर्षाला सोळा हजार आठशे. गैरहजर राहिलं तर दहा रुपये दंड. कर्ज शेकडा दोन रुपये महिना.

शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. आमच्या चाळीस हजारांचा हप्ता ठरला तेव्हा मी लगेच हिशोब मांडला. महिन्याला चार हजार मुद्दल, उरलेल्यावर व्याज, दहा महिन्यांत चव्वेचाळीसशे रुपये व्याज. मी आईला म्हणालो, "हे फार आहे." ती म्हणाली, "मंग? ते जातंय कुठं? आमच्यातच ऱ्हातंय न्हवं." व्याज गटातच जमा होतं आणि त्यावर हक्क चौदाजणींचा. मी क्रेडिट कार्डावर याच्याहून चढं व्याज भरत होतो आणि ते कुठे जातं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

गटाचं रजिस्टर मी पहिल्यांदा नीट वाचलं ते त्या महिन्यांत, कारण सचिव बाईंनी मला बेरजा तपासायला बसवलं. त्यात मला आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टी एकत्र दिसल्या. तारीख आहे, जशी घेणाऱ्याची असते. दाराशी येणारा माणूस आहे: दहा तारखेला दुपारी शेजारीण हाक मारते, "चला वं, बैठकीला." पैसे कुठे गेले ते दिसतं, कारण बैठकीत ते मोठ्याने वाचलं जातं. आणि आजीच्या डब्यासारखं, पैसा बाईच्या नावावर राहतो, फक्त लपवावा लागत नाही. घरात विचारलं तर सांगता येतं, "गटाचे हायेत, मला एकटीला काढता येत न्हाईत." काकाला हसण्यासारखं त्यात काही नाही.

गटांबद्दल सगळंच गोड लिहायचा माझा हेतू नाही. घरच्या अडचणीचं ओझं शेवटी बायकांनीच उचलायचं, याचीही ती एक रीत आहे. आप्पांचा पाय मोडला, सह्या आईने केल्या, आणि कर्जदार म्हणून नावही तिचंच लागलं. गटासारखंच रूप घेऊन दर आठवड्याला दाराशी वसुलीला येणाऱ्या सूक्ष्मकर्ज कंपन्याही आहेत. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात त्यांच्या वसुलीवरून एवढा हाहाकार उडाला की सरकारला त्यांना आवर घालायला वटहुकूम काढावा लागला. तिथेही ठरलेली तारीख होती, बायकांचा गट होता, दाराशी माणूस होता. फरक एवढाच की तो पैसा त्या बायकांचा नव्हता.

आमच्या भागात जमिनीचे पैसे आले तेव्हाही असंच झालं. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला आणि मावळातल्या जमिनींना कधी नव्हे ते भाव आले. ज्यांनी विकल्या त्यांच्या हातात एकरकमी लाखो रुपये पडले. गाड्या आल्या, बंगले आले, काहींचं पाच-सात वर्षांत सगळं संपलं. लोक म्हणतात, उडवले. १८७५ चाच आरोप. मला दिसतं ते असं की त्या लाखांच्या मागे दाराशी येणाऱ्यांची रांग लागली होती: गाडीवाले, प्लॉटवाले, दाम दुप्पटवाले. फक्त दहा तारखेला "चला, बैठक आहे" म्हणणारं त्यांत कुणी नव्हतं.

*

माझं काय झालं ते सांगून थांबतो.

आमच्या कामात आम्ही एखादी गोष्ट रोज व्हावी असं वाटलं की माणसाच्या आठवणीवर सोडत नाही, यंत्राला वेळ लावून देतो. आप्पांच्या ऑपरेशननंतर मी तेच केलं. पगाराच्या दिवशी ठरावीक रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला दिली. दोन महिने ती रक्कम गेली. तिसऱ्या महिन्यात फोन बिघडला आणि मी एका रात्री, अंथरुणात पडल्या पडल्या, ती सूचना रद्द केली. चार वेळा अंगठा लावला, झालं. मला कुणी विचारलं नाही, का रे? २०१६ मध्ये यूपीआय आलं तेव्हापासून पैसा हातातून जाताना आवाज करत नाही. तो बाजूला पडायचा थांबला तरी आवाज होत नाही.

गटाचा हप्ता मात्र दहाही महिने गेला. एकदा ऑफिसच्या कामात मी विसरलो, तर दहा तारखेला संध्याकाळी आईचा फोन आला. "सगळ्या बसल्यात. तुझं नाव पुकारलं." कर्ज तिच्या नावावर होतं, पण बैठकीत नाव माझं पुकारलं जायचं. मी कार्यालयाच्या जिन्यात उभं राहून पैसे पाठवले.

२०२४ च्या जूनमध्ये शेवटचा हप्ता फिटला. मी बैठकीला गेलो होतो. सचिव बाईंनी रजिस्टरात माझ्या आईच्या नावापुढे शून्य लिहिलं आणि वर न बघता म्हणाल्या, "पुढच्या टायमाला तुझा तू गट काढ."

मी काढला. गट म्हणता येणार नाही, भिशी आहे. कान्ह्याहून लोकल पकडणारे आम्ही पाच जण, महिन्याला पाच-पाच हजार, आणि दर महिन्याला ते पंचवीस हजार ठरल्या क्रमाने एकाला. पैसे ॲपवरून पाठवायचे नाहीत, पाच तारखेला फलाटावर हातात द्यायचे, असा नियम मी हट्टाने घालून घेतला. बाकीचे हसले, पण कबूल झाले. आप्पांना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "पैसं कुणाकडं राहत्यात?" मी म्हणालो, "कुणाकडंच नाय. त्याच दिवशी वाटतो." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग ठीक हाय."

दुसऱ्याच महिन्यात मला उशीर झाला. पाच तारखेची सकाळ, खिशात पैसे नाहीत, आणि चौघं फलाटावर माझी वाट बघत उभे. समोरून लोकल गेली तरी ते चढले नाहीत. मी धावत एटीएमवर गेलो, आलो, पैसे दिले. पन्नास रुपये दंड लावला त्यांनी. एकाने वहीत लिहून घेतला.